भाराभर चिंध्या

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांवर
दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे.
भाडं परवडतं, एवढंच कारण.
खाली दिवसभर कुणीतरी गंजलेला नट ठोकत असतं
आणि वर कुणीतरी म्हणत असतं,
"तसं विशेष काही नाही हो, झोप येत नाही, इतकंच."

शिकवताना आमच्या ओगलेबाई सांगायच्या,
एकच विहीर खणा. पाणी लागेपर्यंत खणा.
जागोजाग खड्डे घेणाऱ्याला त्या
एका वाक्यात निकालात काढायच्या :
एक ना धड, भाराभर चिंध्या.
माझ्या फायली पाहिल्या तर
आजही त्या हेच म्हणतील.

उदाहरणार्थ, उदगीरची वैजयंता.
सदाशिव पेठेतली अभ्यासिका, खुर्ची नंबर एकोणचाळीस,
राज्यसेवेचा चौथा प्रयत्न.
मी तिला तक्ता दिला :
प्रसंग, विचार, पुरावा, पर्यायी विचार.
आठवड्याने तिने तो आणला
काळ्या शाईत, पट्टीने समास आखून.
'मी नालायक आहे' याच्या विरोधात सात मुद्दे,
मुद्द्यांखाली उपमुद्दे.
आणि हळूच विचारलं,
"मॅडम, किती पडतील?"

मी तक्ता मिटला.
म्हटलं, आज काही लिहायचं नाही.
पायांना फरशी लागतेय का, तेवढं सांग.
"गार आहे," ती म्हणाली.
मग म्हणाली, "चपला बाहेर काढल्यात,
जाणार तर नाहीत ना?"
आम्ही दोघी हसलो,
आणि हसता हसताच
तिचा चेहरा विस्कटला.
चार वर्षांत पहिल्यांदा, असं ती नंतर म्हणाली.

वाघचौरे काका. खडकीच्या एका कारखान्यात
तीस वर्षं तपासनीस.
गॅसचं बटण रात्री अकरा वेळा बघतात.
आम्ही पायरी पायरीने उतरलो :
नऊ, सात, पाच.
पाचावर गाडी अडली ती अडलीच.
महिनाभर वाट पाहून मी
समोर एक रिकामी खुर्ची ठेवली.
म्हटलं, इथे कोण बसलंय?
काका आधी चष्मा पुसत राहिले.
मग उठून उभे राहिले आणि खुर्चीला म्हणाले,
"धोंडिबा, तुझा डबा अजून माझ्याकडेच आहे."

तो डबा आम्ही बोपोडीला
धोंडिबाच्या सुनेकडे पोचवला.
रिकामा नको, म्हणून काकांनी त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले.
डबा परत करणं कुठल्या पद्धतीत बसतं
हे मला पुस्तकात सापडलेलं नाही.
बटण ते अजूनही दोनदा बघतात.
दोनदा तर मीही बघते.

चुकतेही.
तळेगावचा एक मुलगा, श्वासाकडे लक्ष दे म्हटल्यावर
तडक उठून गेला.
लहानपणीच्या दम्याबद्दल मी विचारलंच नव्हतं.
त्याच्या फायलीत एकच पान आहे.
ती मी फेकत नाही.

ओगलेबाईंना उत्तर म्हणून
गोधडीची उपमा मला कधीच सुचली होती.
पण ती फार मऊ पडते.
गोधडी शिवणाऱ्या बाईला निदान
शेवटी काय होणार, हे ठाऊक असतं.

काल दिवे मालवताना खालचा याकूब वर आला.
"बाई, एखादी चिंधी आहे?"
जुन्या ओढणीचा तुकडा दिला.
त्याने तो रॉकेलमध्ये बुडवला,
सकाळपासून हटून बसलेल्या नटाला गुंडाळला
आणि हातोडी उचलून पेटीत ठेवली.
"आता काय?" मी विचारलं.
"आता काही नाही. राहू दे रात्रभर."

वैजयंता सोमवारी येतेय.
मेसेजमध्ये विचारते, तक्ता आणू का?
मी अजून
उत्तर दिलेलं नाही.