सुतावरून

झाकण मिटलं की उजव्या कडेला नख शिरत नाही,
डाव्या कडेला शिरतं.
तक्रार एवढीच.

एक लाख एकोणनव्वद हजार, अठरा हप्ते.
खोकं उघडताना हेमांगी म्हणाली,
सोवळ्यात असल्यासारखा काय हात लावतोस.
तिला फट दिसेना. चष्मा लावला, तरी दिसेना.
म्हणाली, लोक माणसांत खोट काढतात, आणि तू...
पुढचं तिनं गिळलं.

मी ट्रंकेतून फिलर गेज काढलं.
एकतीस वर्षं चिंचवडच्या गेज रूममध्ये
(बाहेर मे पेटलेला असो, आत वीस अंश)
मी ह्या पात्यांशी बोललो आहे, माणसांशी कमी.
उजवीकडे पंचवीसची पाती अडली.
डावीकडे चाळीसची गेली,
शेजारीण वाटी घेऊन यावी तशी, न विचारता.
पंधरा शतांश मिलिमीटर.
डोळ्याला काहीच नाही.
पण रोज उचलताना ती कड तळव्याला लागते
आणि तळवा विसरत नाही.

सिव्हिल कोर्टाला मेट्रो बदलून एरंडवण्याला गेलो.
फलाट आणि डबा यांच्यातली फटसुद्धा
मनात मोजली. सवय.
काचेचं दार, टोकन चौपन्न.
माझ्या पुढे एक बाई, हेडफोनची दांडी मोडलेली,
पंचात गुंडाळून आणलेली,
जखमी पाखरू आणावं तशी.
एकोणतीस हजार, ती सारखी म्हणत होती, एकोणतीस,
जणू आकडा मोठ्यानं म्हटला की दांडी लाजेल.

माझा नंबर. समोर अद्वय पानसे, नाव छातीवर.
सर, हे स्पेकमध्ये आहे.
किती आहे स्पेक?
ते आमच्याकडे नसतं, सर.
ड्रॉइंग?
कंपनी देत नाही.
मग कशावरून?
त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर तेच वाक्य होतं,
हिरव्या रंगात.
मागून कुणीतरी पुटपुटलं, सुतावरून स्वर्ग गाठतायत.
अहो, सूत म्हणजे तीन मिलिमीटर!
एका सुतात मावतील माझ्यासारख्या वीस तक्रारी!

मोठ्यानं म्हणालो असेन. सगळे वळले.
आणि त्या शांततेत, का कोण जाणे,
एकतीस मार्च शहाण्णव उभा राहिला.
दोनशे चाळीस हाउसिंग, बोअर बारा मायक्रॉन मोठं,
गेटवर ट्रक चालू, मॅनेजर घड्याळाकडे बघतोय.
नो-गो गेज आत जात होतं,
जायला नको तिथे, निवांत.
मी डेव्हिएशन स्लिपवर सही केली.
जूनमध्ये इस्लामपूरहून पोस्टकार्ड आलं,
पंप बसवणाऱ्या कुणा हिंदुराव लोहारांचं.
साहेब, शाफ्ट हलतोय. दिसत नाही, हाताला जाणवतं.
मी उत्तर टाइप करून घेतलं: माल मर्यादेत आहे.
दुसरं कार्ड आलं.
ते फाइलला लावलं.

काउंटरवर मी गप्प झालो.
पानसेला वाटलं मला बरं नाही. पाणी दिलं.
मग इकडेतिकडे बघून
झाकण मिटलं, आणि डाव्या कडेवरून अंगठा फिरवला.
एकदा. पुन्हा एकदा, डोळे मिटून.
काका, तो हळू म्हणाला, सर म्हणायचं विसरून,
जाणवतंय.

पावतीवर मात्र छापून आलं, दोष आढळला नाही.
खाली मी सही केली.
सही अजून तशीच आहे माझी,
शेवटचं अक्षर चौकटीच्या जरा बाहेर जातं.