लडीला सतरा गाठी

वायेनारहून निघालो तेव्हा पहाटेचं धुकं
टपावर बसल्यासारखं आमच्याबरोबर आलं.
सुनिल्दामावशी पुढच्या सीटवर,
मांडीवर न रंगवलेल्या लोकरीची लड,
खिशात उकडलेली अंडी,
तोंडात माझ्या गाडीच्या वासाची तक्रार.
खाणीवर टँकर चालवतो मी.
अंगाला डिझेल असतंच.

सहा वर्षं इथे काही उगवलं नव्हतं.
सहा वर्षं तिने विणलं
ते मेंढीच्या अंगावर होतं तेवढंच:
काळं, करडं, मळकं पांढरं.
लोक म्हणायचे, सुनिल्दा, जरा रंग घाल की.
ती म्हणायची, पाहिल्याशिवाय कसा घालू?

मग जूनमध्ये पाऊस झाला. दोन रात्री.
पत्रे वाजले,
आमचं कुत्रं जन्मात पहिल्यांदा
पलंगाखाली गेलं.

आणि आता हा सप्टेंबर, इकडचा वसंत.
वळण संपलं
आणि मावशी बोलता बोलता थांबली.
गुलाबी. पण गुलाबी म्हणणं कमीच,
कुणी जमिनीला चिमटा काढावा
आणि ती तिथे तशीच राहावी, तसं.
सुकल्या ओढ्याच्या रेषेने पिवळी अन्यान्यूका.
उतारावर सुस्पीरो, म्हणजे उसासा,
फिकट निळा,
कुणाच्या तरी तोंडून सुटून गेलेला.

मी एका फुलाकडे हात नेला.
पहारेकऱ्याने लांबूनच शिट्टी फुंकली.

मावशी हसली.
आठ वर्षांची होते, म्हणाली,
फ्रॉकच्या ओच्यात भरून नेली होती मी ही.
घरी कुणी नव्हतं. पातेल्यात उकळली,
मूठभर लोकर सोडली.
निघाली ती भांडी धुतल्या पाण्याच्या रंगाची.
आईने मारलं नाही.
ती मूठ नुसती दाराच्या खिळ्याला टांगली,
वर्षभर.

फुलाचा रंग फुलाच्या कामाचा.
आपला दुसरीकडे असतो:
निवडुंगावरच्या किड्यात,
कांद्याच्या सालीत,
अक्रोडाच्या हिरव्या टरफलात, ते तर मेलं
आठवडाभर बोटं सोडत नाही.
निळा मला कधीच जमला नाही.
निळा मी बाजारातून आणते, पुडीतला.
कुणाला सांगू नकोस.

मग ती पायवाटेच्या कडेने चालू लागली.
लड हातात,
मधेच थांबायची, धाग्याला गाठ मारायची,
ओठ हलायचे, पुन्हा चालायची.
मला वाटलं, रंगांच्या खुणा असतील.

रंग कशाला मोजू?
रंग डोळ्यात भरतात, न सांगता.
विसरतं ते मधलं.
दोन झुबक्यांत वाळू किती होती, ते.

तेव्हा मी पाहिलं.
टेकडी फुलांची नव्हतीच.
तीन पावलं फूल,
सोळा पावलं काही नाही,
एक पाऊल फूल,
मग एक मेलेलं झुडूप, त्याला सरड्याची कात.
लांबून सलग दिसतं एवढंच.

सतरा गाठी झाल्या.
शेवटची तिने अंडं सोलता सोलता मारली,
ओल्या बोटांनी, जरा सैल.

जानेवारीत चादर मागावरून उतरली.
मावशीची नात आन्तोलिना म्हणाली, एवढंच?
रुंद तपकिरी पट्टे, पुन्हा तपकिरी,
मधे किरमिजी, बोटाएवढा,
आणि एका कडेला, नीट पाहिलं तरच,
पुडीतला निळा.

त्या किरमिजीत पांढरे ठिपके होते.
मावशीने लड गाठींसकट
रंगात बुडवली होती,
तुरटीच्या पाण्यातून काढून, तशीच.
गाठीच्या पोटात रंग शिरला नाही.
मी बोटाने मोजले.
सोळा भरले.
सतरावा सापडायला वेळ लागला:
सैल गाठ होती ती,
आत थोडा रंग गेला होता.