एक लेबल कमी

अठ्ठेचाळीस हजार दोनशे लेबलं घेतली मोजून.
बाटल्यांवर गेली सत्तेचाळीस हजार नऊशे बारा,
फाटकी, वाकडी, शाई फुटलेली दोनशे सत्याऐंशी.
रेवणकरांनी तीनदा बेरीज केली.
एक कमी.

रबाळ्यात रात्रीचे सव्वादोन.
लाइन बंद.
पुढच्या बॅचच्या बाटल्या काचेपलीकडे उभ्या,
त्याच उंचीच्या, तशाच पांढऱ्या,
आतलं औषध मात्र दुप्पट ताकदीचं.
ते एक लेबल इथंच कुठेतरी आहे
आणि त्याला फक्त चिकटणं माहीत आहे.

कुंदा तांडेल टॉर्च घेऊन पट्ट्याखाली आडवी झाली.
"खेकडं धरताना असाच हात घालायचा बिलात,"
मास्कमधून म्हणाली,
"पन खेकडा नांगी मारून सांगतो तरी, मी हाय इथं."

कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या,
रोलरच्या फटीत चिमटा फिरवला,
बुटांवरची निळी कव्हरं उलटी केली,
एकमेकांच्या पाठी तपासल्या माकडांसारख्या.
नवा पोरगा जुनैद हळूच म्हणाला,
सर, फाटकी दोनशे अठ्ठ्याऐंशी लिहू या ना.
कोण मोजतंय.

रेवणकर रागावले नाहीत.
पेन त्याच्यापुढे धरलं.
लिही. खाली सही तुझी. वेळही घाल.

जुनैदनं पेन घेतलं नाही.
छतातून खाली उतरणाऱ्या हवेचा आवाज
मी सात वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

पाच चाळीसला सापडलं.
रेवणकरांच्याच उजव्या कोपराला, आतल्या बाजूनं,
बेरीज करताना टेबलावर टेकवतात तो.
कुणी हसलं नाही.
म्हणजे मास्कबाहेर तरी नाही.

मग त्यांनी ते प्रकाशात धरलं,
बॅच नंबर वाचला, तारीख वाचली,
कुठे सापडलं त्या रकान्यात
स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पर्यवेक्षकाचा कोपर.
आणि फाडलं.
चार तुकडे, दोन सह्या.
साडेतीन तास शोधलेली गोष्ट
इतक्या समाधानानं फाडताना
मी कुणाला पाहिलं नव्हतं.

बाहेर उजाडलं होतं, पारसिकच्या डोंगरावर खाणीची धूळ.
लॉकरपाशी कुंदा बांगड्या चढवत होती,
एकेक करत.
डाव्यात सहा.
उजव्यात सहा.
थांबली,
पुन्हा मोजल्या.