निधान

उद्यमबागेत माझ्या शेडसमोर टेम्पो थांबला.
ताडपत्रीत काहीतरी आडवं, आजारी वासरू आणावं तसं.
हिडकल धरणावरच्या बोटीचा मागचा ड्राइव्ह.
दीड वर्षात तिसऱ्यांदा.

रुद्रगौडा उतरला. वय चोवीस, गॉगल कपाळावर.
‘मालच बोगस आलाय री, मेस्त्री.’
मी बूच सोडलं.
तेल आलं दुधाळ करडं, आत चांदीची भुकटी.
सोनार असतो तर धुऊन ठेवली असती.
बुचाच्या लोहचुंबकाला चिकटलेला एक दात,
मुळासकट.

बघ, म्हटलं, हा झिजलेला नाही.
झिजलेल्या दाताची धार गोल होते, तो रीतसर म्हातारा होतो.
ह्याला तरणाच मारलाय.
धक्क्यावर मोबाइल धरून पोरं उभी,
आणि तू उभ्या बोटीची मूठ
एका दमात शेवटापर्यंत.
वरून इंजिन ढकलतंय, खाली पंखा पाण्यात रुतलेला,
आणि घाईच्या माणसाला पाणी मऊ नसतं बाबा.
मधे हे चाक, तळहाताएवढं.
तुझी सगळी मस्ती
ह्याच्या दोन दातांवरून वाट काढते.
मग लाटेवर पंखा उघडा पडतो, किंचाळतो,
आणि तशीच मूठ दाबलेली असताना परत पाण्यात.
तेव्हा चीर पडते, केसाएवढी.
ती लगेच बोलत नाही. एक हंगाम गप्प बसते.

तो मोबाइलकडे बघत होता.
शेजारच्या फाउंड्रीत भट्टी फोडली, शेड लाल झालं, विझलं.

ज्योकीम मेस्त्री मला शिकवताना
लेथच्या माथ्यावर काठोकाठ चहाचा ग्लास ठेवायचे.
गिअर टाकताना सांडला,
तर त्या दिवशी मला चहा नाही.
पहिले चार महिने मी चहा प्यालो नाही.

नवं चाक कापलं, भट्टीत कडक केलं, बसवलं.
चढवताना टेम्पोवाले निंगाप्पा
खालून ओरडत होते, ‘निधान, निधान!’
माझ्या मराठी शाळेत निधान म्हणजे पुरलेलं धन.
शाळेच्या फाटकाबाहेर, कन्नडमध्ये, सावकाश.
पन्नास वर्षं हा शब्द दोन खिशांत वागवतोय,
कुठल्या खिशातला कधी हाताला लागेल, नेम नाही.

मोडका दात रुद्रगौडाने मागून घेतला,
किल्लीला अडकवायला म्हणे.
भोक पाडून दिलं. त्याचे पैसे लावले नाहीत.

दोन महिने झाले.
फोन नाही.
रस्त्यावर टेम्पोचा वेग कमी झाला
की मी अजून लेथ बंद करून ऐकतो.