हातचा

गिरमिट झाडात शिरताना आधी कुरकुरते,
मग त्याला लाकडाची चव कळते.
छातीच्या उंचीवर, उताराला आडवी उभी राहून
दोन्ही हातांनी मूठ फिरवत
मी सतरा नंबरच्या देवदारात उतरते.
बाहेर येते पेन्सिलीएवढी कांडी,
ओलसर, तांबूस, उग्र वासाची.
ती सरबताच्या कागदी नळीत सरकवते
आणि वर लिहिते : अझ्रू, वरचे रान, १७, उत्तर बाजू.
बिनशेपटीची माकडे फांदीवरून बघत असतात,
आम्ही त्यांच्या घरांवर पट्टी बसवायला आलो आहोत जणू.

रात्री चौकीदाराच्या खोलीत
कांडी खाचेत चिकटवून काचकागदाने घासते,
आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ,
नखांत भुसा, चहातही भुसा.
भिंगाखाली वर्षे दिसू लागतात :
हिवाळी बर्फ मनासारखे पडले ते ऐसपैस,
नाही पडले ते दोरा ओवावा इतके बारीक.
दहा-दहांवर टाचणीचा ठिपका देत
सालीकडून आत जाते.

शेजारची चौदा झाडे एका सुरात बोलतात.
सतरा नंबर पंचेचाळीसपर्यंत त्यांच्यासोबत येते,
आणि तिथून आत
प्रत्येक वर्ष एका घराने चुकते.
तीनदा मोजले. दिवा बदलून मोजले.
ते वर्ष शेजाऱ्यांत केसभर आहे,
कुपनांचे वर्ष म्हणतात त्याला इथले लोक,
धान्यही चिठ्ठीवर मिळायचे, मिळाले तर.
सतरामध्ये ते नाहीच.
झाड खोटे बोलत नाही, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो.
गप्प बसते, हे सांगायचे राहून जाते.

सकाळी बासू आला, शेळ्यांसकट.
अरबी त्याला येते, पण मनापासून येत नाही.
म्हणून नात तूदा मध्ये उभी राहून
वाक्ये इकडची तिकडे करत होती,
एका हाताने करडाचे कान धरून.

वर बघ, तो म्हणाला.
या एकट्याचाच शेंडा ताटासारखा का?
मी बघितले. आठवडाभर मी फक्त खोड बघत होते.

त्या साली गवत उगवलेच नाही,
मग अवेळी बर्फ पडले, कमरेइतके.
बाप कुऱ्हाड दातांत धरून वर चढला
आणि फांद्या खाली टाकत राहिला,
शेळ्यांनी काटेरी पाला खाल्ला, साल खाल्ली.
अकरा होत्या. चार उरल्या.
त्या चारांच्या दुधावर मी.
शेवटचे वाक्य तूदाने दोनदा सांगितले,
एकदा त्याच्यासारखे, एकदा स्वतःसारखे.

मी त्याच्या हातात भिंग दिले,
टाचणीच्या टोकाने जागा दाखवली.
त्याने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले.
इथे तर काहीच नाही, म्हणाला.
हो, म्हटले, तेच.

आमचा नियम साधा आहे :
कुऱ्हाड लागलेले झाड
पावसाबद्दल साक्षीला चालत नाही.
किती कोरडे आभाळाचे, किती बापाचे,
वेगळे काढता येत नाही.
वहीत सतरावर रेघ मारली,
शेरा लिहिला : वगळले, मानवी हस्तक्षेप.
शाई वाळेपर्यंत त्या शब्दातला हात बघत बसले.

आठवले, बेरीज शिकताना
मास्तरीणबाई बोट उंच धरायच्या : हातचा एक.
उत्तरात लिहायचा नाही,
विसरायचाही नाही.

आलेख पुढच्या महिन्यात छापला जाईल,
चौदा झाडांचा, नीटस.
सतरा नंबरची नळी कोटाच्या आतल्या खिशात आहे.
ती कुठे नोंदवायची
मला अजून ठरवता आलेले नाही.
खाली उतरणीला घंटा वाजतायत,
तूदा मोजतेय मोठ्याने, तिच्या भाषेत,
आणि एक शेळी, बहुतेक, मागे राहिली आहे.