मानशीची राखण

बांबोळीच्या वॉर्डात एर्मेलिंडाच्या उशाशी
नऊ दिवस मी नोव्हेना म्हटली.
दहाव्या दिवशी नर्सने खाट धुतली.

त्याच आठवड्यात इकडे दिवाडीला बांध फुटला.
मानशीची दारं भरतीला कुणी लावली नाहीत,
की लावली, पण लाकूडच कुजलेलं होतं,
खाजनात नदी शिरली आणि मीठ ठेवून गेली.

लोक म्हणाले, देवाची मर्जी.
मी म्हटलं, मग देवालाच सांगा बांध घालायला.
वर्षभर इगर्जीची पायरी चढलो नाही.
रविवारची घंटा झाली की
गरी टाकून पाठमोरा बसायचो,
रुसलेल्या नवऱ्यासारखा.

कार्निव्हाल सरल्यावर पाद्री आल्वितो आला.
काही बोलला नाही. झगा खोचून चिखलात उतरला,
माझ्या आणि शाबलोच्या मध्ये उभा राहून
तिन्हीसांजेपर्यंत मातीचे गोळे हातोहात देत राहिला.
जाताना एवढंच म्हणाला,
"उठल्यावरही त्याच्या तळहातांना भोकं होतीच, कायतान.
बुजवली नाहीत त्याने."

मला रागच आला.
एवढं मरण पालथं घातलं,
तिथे चार खिळ्यांच्या जखमा भरायला काय हरकत होती?
पण ते वाक्य आत राहिलं,
तळपायात कालवाची कपची राहावी तसं.

काल, पास्काच्या आदल्या दिवशी,
माळ्यावर तिचं मडकं सापडलं.
तोंडाला फडकं, आत कडुनिंबाचा पाला
आणि कोरगूट, खारं पाणी सोसणारं आमचं भात.
कधी भरलं तिने? कुणासाठी?
डॉक्टरने तर तिला सगळं सांगितलं होतं.

मूठभर नाकाशी नेलं.
वास तिचा नव्हता, निंबाचाच होता.
खोटं कशाला बोलू.

शेतात मीठ अजून आहे, दुपारी पांढरं चकाकतं.
बी रुजेल की नाही, कोण जाणे.
शाबलो मान हलवतो.
नॉर्बेर्त कुवेतहून म्हणतो, विकून टाक, पाय.
पावसाबरोबर ती परत येणार नाही, हे मलाही कळतं.

पण जो पुरूनही उरला,
आणि जखमांसकट पहाटे काठावर
थकलेल्या कोळ्यांसाठी मासे भाजत बसला,
त्याच्या हवाली मी तिला केलं आहे,
मडक्यासारखं,
तोंड नीट बांधून.

आता ओहोटी लागेल.
दार उघडून खारं पाणी बाहेर सोडायचं,
भरतीच्या आत पुन्हा लावायचं.
रात्री दोनदा उठावं लागतं.

उठतो.