पान एकशे बारा

डोळे गेल्यावर झोपेसाठी त्यांनी औषध मागवलं नाही,
मला बोलावलं.
लॉर्ड किल्व्हारा, वय अठ्ठ्याहत्तर,
पायांवर घोंगडी, घोंगडीवर कुत्रा,
तोही निम्मा आंधळा.
"फिन्टन, खतावणी वाच.
सत्तेचाळीसच्या आधीची."

जग त्यांना निराळ्या कागदांवरून ओळखायचं.
लंडनच्या सभागृहात बावीस वर्षांत अकरा भाषणं,
त्यांतली चार कालव्यावर,
एक आयरिश माणसाच्या समाधानी स्वभावावर.
त्याची स्वच्छ प्रत माझ्याच हातची.
पदवी मिळण्याआधी एकदा निवडणूक हरले, नऊ मतांनी.
तेव्हा मत मोठ्यानं बोलून द्यायचं असे,
चौकात, सगळ्यांदेखत.
संध्याकाळी फाटकाशी पिंप फोडून म्हणाले,
"मत त्याला दिलंत, बिअर माझी प्या. असो."
असो म्हणणारा माणूस, असं आम्ही धरून चाललो.

झाडांना मात्र नावं होती.
प्रत्येक बीचच्या बुंध्याला पत्र्याची चकती,
लावल्याचं साल, रोप कुठून आणलं ते.
वादळात एक पडलं तर दोन दिवस जेवत नसत.
आम्हा कुळांना नुसतं "काय रे, तू".
टोपी काढायची, वाट सोडायची.
वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाच्या डोक्यात
आमची दोनशे घरं कशी मावणार?

मग बटाटा काळा पडला.
शेतातून नुसता वास यायचा, गोडसर.
त्यांनी भिंत बांधायला काढली, बागेभोवती, सात मैल,
कशाला ते कुणी विचारलं नाही, रोज पेजेपुरता मिळे.
पुढच्या वसंतात बोटीची तिकिटं काढली, स्वतःच्या खर्चानं.
अनाथगृहात माणूस वर्षभर पोसण्यापेक्षा
क्वेबेक स्वस्त पडतं.
हा हिशेब मी मांडला, चौदाव्या वर्षी.
अक्षर चांगलं म्हणून मला एकट्याला ठेवून घेतलं होतं.
बेरीज बरोबर होती.

तर वाचतो आहे.
"ब्रीजिड हेनेहन, तीन एकर."
"विधवा," ते म्हणतात, डोळे मिटलेले,
"दारात एल्डरचं झाड. मुलगा तोतरा."
"कॉर्मक शॉनेसी, पाच एकर, खंड थकीत."
"घोडं चांगलं होतं त्याचं. पांढऱ्या कपाळाचं."
"ऑनी टूल."
"हसायची ती. उगीच."
मेणबत्ती खाली आली आहे,
पानागणिक मला थंडी वाजते आहे.
एकही चुकत नाहीत.
चुली किती, कुत्री किती, कुठल्या घराचं छप्पर
पाडताना पहिल्यांदा वासा मोडला.

पान एकशे बारा.
वरून चौथी ओळ.
मी तिच्यावरून अंगठा सरकवतो
आणि पाचवी वाचतो, आवाज न बदलता.

कुत्रा मान वर करतो.
"एक गाळलंस."

बाहेर बीचची पानं, पाऊस नाही, नुसता वारा.
"टेग मल्क्वीन," ते सांगतात मला,
माझ्या बापाचं नाव,
हळू, झाडाची चकती वाचावी तसं.
"दोन चुली. एक गाय. एक मत."

मग थांबतात.
काही बोलतील म्हणून मी थांबतो.
बोटीचं, तापाचं, निदान गाईचं तरी.

"वाच ना," म्हणतात, "वही तुझ्यापाशी आहे."
मी वाचतो. टेग मल्क्वीन, सहा एकर.
आवाज माझाच असतो.

"हं," ते म्हणतात. घोंगडी ओढतात.
"पुढचं."